श्रोत्याचा धर्म

रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं दहा वर्षें झालीं होतीं, आणि अर्वाचीन मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांस मानतों ते केशवसुत जन्मास येण्यास अजून अडतीस वर्षें अवकाश होता. इतकें जुनें ग्रंथालय ज्या गांवीं आहे तेथील माणसास वाचनालय म्हटलें कीं पहिली आठवण होते ती शांततेची. वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज, कपाटाचें दार लागल्याचा आवाज, आणि बोलणें झालेंच तर तें अर्ध्या आवाजांत.

अलीकडे गांवोगांवच्या वाचनालयांत एखाद्या सायंकाळीं ही शांतता मुद्दाम मोडली जाते. टेबलें भिंतीस सारतात, खुर्च्यांच्या ओळी मांडतात, एक ध्वनिक्षेपक उभा करितात, आणि दारांत एक वही ठेवितात. ज्यास आपली कविता वाचावयाची असेल त्यानें वहींत नांव लिहावें. ओळीनें पुकारा होतो. प्रत्येकास पांच मिनिटें मिळतात. मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींनीं या प्रकारास 'ओपन माइक' असें नांव दिलें आणि कोंकणांतहि तेंच रूढ होऊं लागलें आहे. खुलें काव्यवाचन म्हटल्यानें कांहीं बिघडणार नाहीं. पण नांवाचा वाद येथें नको. निवृत्त शिक्षक येतात, बँकेंतले कारकून येतात, घरचें आटोपून गृहिणी येतात, महाविद्यालयांतील मुलें मोबाइलवर लिहिलेली कविता घेऊन येतात. कोणाची शिफारस लागत नाहीं आणि कोणास प्रवेशमूल्य पडत नाहीं. दूरचित्रवाणीपुढें निमूटपणें बसून राहण्यापेक्षां मध्यमवर्गीय कुटुंबांनीं एक सायंकाळ अशी घालवावी हें आम्हांस सर्वथा इष्ट वाटतें.

आस्था आहे म्हणूनच एका गोष्टीचा विचार येथें करावासा वाटतो. ती गोष्ट म्हणजे टाळी. या सभांत प्रत्येक कवितेनंतर टाळी पडते, आणि थोडाफार फरक सोडला तर ती सर्वांस सारखीच पडते. पहिल्या कवितेस जेवढी, तेवढीच अठराव्या कवितेस. जिनें अंगावर कांटा आणला तिला जेवढी, तेवढीच जी संपल्याबद्दल मनांतून सुटकेचा निःश्वास टाकला तिला. परीक्षकानें उत्तरपत्रिका न उघडतां सर्वांस शंभरांपैकीं साठ गुण देऊन घरीं जावें तसा हा प्रकार आहे. अशी टाळी खोटी म्हणावी काय? आणि खोटी असेल तर तो दोष म्हणावा कीं सौजन्य?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत असत्याचा विचार करितांना जवळजवळ हेंच उदाहरण घेतलें आहे. एखादा ग्रंथकार वाचकास विचारतो कीं, माझा ग्रंथ तुम्हांस कसा वाटला? प्रश्न थट्टेवारी नेऊन उत्तर टाळतां येईल. पण तेवढें हजरजबाबीपण प्रत्येकापाशीं प्रत्येक वेळीं कोठून असणार? आणि उत्तरास किंचित् विलंब झाला तरी ग्रंथकारास तो अपमान वाटावयाचा. मग त्यास जें ऐकावयाचें आहे तेंच बोलून मोकळें व्हावें काय? खुनी मनुष्य दाराशीं येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारूं लागला तरी त्याच्याशीं खोटें बोलूं नये, असें त्याच वर्षीं एका निबंधांत निक्षून सांगणारा हा कर्मठ पंडित येथें मात्र नुसता प्रश्न विचारून थांबला आहे. खुन्यापुढें न डगमगणारा कांट कवीपुढें अडखळला, हें पाहून प्रत्येक काव्यवाचनाच्या श्रोत्यास थोडा धीर यावयास हरकत नाहीं!

आमच्याकडे सत्य आणि प्रिय यांविषयींचा मनुस्मृतींतील श्लोक पुष्कळांस पाठ असतो. अप्रिय सत्य बोलूं नये, एवढा भाग सभासमारंभांतून वारंवार ऐकूं येतो. प्रिय असलें तरी असत्य बोलूं नये, हा त्याच श्लोकाचा पुढील भाग मात्र सोयीनें गाळला जातो. दोन्ही भाग एकत्र वाचले म्हणजे श्रोत्यास मोकळी जागा फार थोडी उरते. एक तर त्यानें मौन धरावें, नाहीं तर जें सत्यहि आहे आणि प्रियहि आहे असें त्या कवितेंत कांहीं सांपडतें काय तें शोधावें. असें शोधणें श्रमाचें काम आहे. कान देऊन ऐकावें लागतें, ऐकलेलें लक्षांत ठेवावें लागतें, आणि मग तें शब्दांत सांगावें लागतें. सरसकट टाळी हा तो श्रम चुकविण्याचा मार्ग आहे, आणि आमची तक्रार तिच्या खोटेपणापेक्षां तिच्या आळसाबद्दल अधिक आहे.

यावर कोणी म्हणेल, आपण टाळीस उगीच न्यायासनावर बसवीत आहां. घरीं आलेल्या पाहुण्यास 'या, बसा' म्हणतांना आपण त्याच्या गुणांची परीक्षा करीत नाहीं. जन्मांत प्रथमच चार लोकांपुढें उभी राहिलेली एखादी बाई, हातांतला कागद थरथरत असतां, कशीबशी आपली कविता संपविते. तिच्यासाठीं टाळी वाजविणें हा तिच्या काव्याचा निवाडा नव्हे, तिच्या धैर्याचें स्वागत आहे. हें म्हणणें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. पण मग स्वागत दारांत व्हावें. नांव पुकारलें गेल्यावर ती बाई खुर्चींतून उठून ध्वनिक्षेपकापर्यंत चालत येत असतां सभेनें खुशाल कडकडाट करावा. तो क्षण तिचा आहे. कविता संपल्यानंतरचा क्षण कवितेचा असतो. त्या क्षणीं जर आपण पुन्हां तिच्या धैर्याचेंच कौतुक करूं लागलों, तर तिनें एवढ्या धैर्यानें जें आपल्यापुढें ठेविलें त्याकडे पाहिलेंच नाहीं असें होतें.

शिवाय, स्पष्ट बोलावयाचें तर कवितेनंतरची टाळी पुष्कळदां स्वागताचीहि नसते. ती आहेराची असते. लग्नकार्यांत कोणीं काय आहेर केला याची नोंद वहींत होते, आणि त्याच्या घरचें कार्य निघालें कीं तेवढाच परत केला जातो. खुल्या काव्यवाचनांत श्रोते बहुतांशीं स्वतःच कवि असतात. आपली पाळी येईपर्यंत इतरांस टाळ्या द्याव्या, पाळी आली म्हणजे त्या परत घ्याव्या. आणि पाळी उरकल्यावर कांहीं मंडळी घड्याळाकडे पाहत हळूच चपला शोधूं लागतात, तेव्हां हा जमाखर्च उघडा पडतो.

असल्या टाळीनें कोणाचें काय बिघडतें, असें वाटत असेल तर अशा एका वाचनांत आम्हीं जें पाहिलें तें सांगतों. बंदरावरच्या वस्तींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या बापावर कविता वाचली. कविता ओबडधोबड होती. आरंभीं समुद्राला पुष्कळ विशेषणें लाविलेलीं होतीं, शेवटीं देवाला. मधोमध मात्र एक जागा होती. जून-जुलैंत मासेमारीस बंदी असते; होडी किनाऱ्यावर झापांखालीं पडलेली असते; आणि तरीहि बाप रोज पहाटे उठून, अंगणांत उभा राहून, वारा कोणत्या दिशेचा आहे तें पाहतो. एवढेंच. पण हें दुसऱ्या कोणास लिहितां आलें नसतें. टाळी पडली ती नेहमींएवढीच. पुढच्या कवीची कविता आईवर होती; तिच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटीं एकच ओळ दोनदां येत असे, आणि दुसऱ्या खेपेस तो थांबून सभेकडे पाहत असे. तेथें टाळी थोडी लांबली. दोन महिन्यांनीं तो विद्यार्थी पुन्हां आला. आतां त्याच्या कवितेंत बाप नव्हता, होडी नव्हती, वारा नव्हता; प्रत्येक कडव्याच्या शेवटीं एकच ओळ दोनदां येत होती, आणि दुसऱ्या खेपेस तो थांबून सभेकडे पाहत होता. टाळी चांगली मोठी पडली. मुलगा बुद्धिमान्; सभेनें शिकविलें तें तो शिकला. वाचन संपल्यावर त्यास आम्हीं मागच्या कवितेंतील पहाटेच्या त्या ओळींविषयीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "त्या मी खोडल्या, सर. त्यांच्याबद्दल कोणी कांहीं बोललंच नाहीं."

टाळी कांहीं शिकवीत नाहीं असें नाहीं. ती फार प्रभावीपणें शिकविते, आणि काय शिकविते तें तिचें तिलाच ठाऊक नसतें.

रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रकांठीं मालगुंड आहे. केशवसुत तेथें १८६६ सालीं जन्मले. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें त्यांच्या जन्मगांवीं उभारलेलें स्मारक १९९४ मध्यें खुलें झालें, आणि आज शाळांच्या सहली तेथें जातात. केशवसुतांच्या वांट्यास असलीं खुलीं काव्यवाचनें आलीं नाहींत. त्यांच्या कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांतून छापल्या गेल्या. १९०५ सालीं हुबळीस त्यांचा अंत झाला, आणि हरि नारायण आपटे यांनीं त्यांच्या कवितांचें पुस्तक काढलें तें १९१७ सालीं, म्हणजे कवि गेल्यावर बारा वर्षांनीं. त्या काळीं कवि आणि वाचक यांच्यामध्यें संपादक बसलेला असे. तो चुके, पक्षपात करी, पुष्कळांस दारांतूनच परत लावी. विशेषतः स्त्रिया, खेडुत आणि ज्यांची भाषा पुण्याची नव्हती अशीं माणसें त्याच्या दारापर्यंतहि पोंचत नसत. पण एक काम तो करी. कविता घ्यावयाची कीं परत पाठवावयाची हें ठरविण्यासाठीं त्याला ती वाचावी लागे, आणि मासिकाचीं पानें मोजकीं असल्यामुळें निवडावें लागे. खुल्या काव्यवाचनानें हा संपादक उठविला, तें ठीकच झालें. तथापि त्याचें काम त्याच्याबरोबर नाहींसें झालेलें नाहीं. तें आतां खुर्च्यांवर बसलेल्या तीस-चाळीस माणसांकडे आलें आहे, आणि तीं माणसें टाळ्या वाजवीत आहेत.

सभेनें मनावर घेतलें तर ती हें काम उत्तम करूं शकते, याचें उदाहरण आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांतच आहे. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें होतें. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर. त्या संमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या एका मुलानें कविता म्हणून दाखविली. वय सतरा वर्षांचें. सभा ऐकून थक्क झाली, आणि अध्यक्षांनीं त्यास 'बालकवि' म्हणून गौरविलें. पुढें महाराष्ट्र त्याला त्याच नांवानें ओळखूं लागला, आणि १९१८ सालीं आगगाडीखालीं सांपडून त्याचा अकालीं अंत झाला तेव्हां याच नांवानें तो हळहळला. आतां अशी कल्पना करा कीं त्या दिवशीं कीर्तिकरांनीं सौजन्यापोटीं व्यासपीठावर आलेल्या प्रत्येकास एकेक पदवी दिली असती. कोणीच रुष्ट झालें नसतें, आणि त्या मुलास आपल्यांत काय आहे हें कळावयास आणखी किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे.

वाचनालय आणि काव्यवाचन यांची जोडी, आणि श्रोत्यांविषयींची तक्रार, हीं दोन्ही फार जुनीं आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत रोम शहरांत पहिलें सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केलें असिनियस पोलिओ यानें. आणि निमंत्रित श्रोत्यांपुढें आपलें लेखन वाचून दाखविण्याची चाल रोममध्यें प्रथम पाडली तीहि याच गृहस्थानें. पुढें शंभर-सवाशें वर्षांत ती चाल एवढी बोकाळली कीं, एप्रिल महिन्यांत काव्यवाचनाशिवाय एक दिवस जात नाहीं असें धाकटा प्लिनी एका पत्रांत लिहितो. श्रोते बाहेर गप्पा मारीत बसतात, वाचन कोठवर आलें आहे याची मधून मधून चौकशी करवितात, उशिरां आंत येतात आणि संपण्यापूर्वीं निसटतात, हें त्याचें गाऱ्हाणें. प्लिनी स्वतः मात्र बहुतेक वाचनांस जाऊन बसे. उलट बाजूनें ज्युव्हेनल नांवाचा उपहासकार, रोममधील संकटें मोजतांना, आगी लागणें आणि घरें कोसळणें यांच्या पंक्तीला ऑगस्टच्या उष्म्यांत कविता वाचणारे कवि नेऊन बसवितो. आमच्या वाचकांतील कांहींचें मत त्यालाच पडेल याची आम्हांस जाणीव आहे.

आपल्याकडे कनोजच्या दरबारीं असलेला, पण ज्याच्या पूर्वजांचा संबंध महाराष्ट्राशीं पोंचतो, असा राजशेखर इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेला. त्यानें 'काव्यमीमांसे'त श्रोत्यांचा, म्हणजे त्याच्या शब्दांत भावकांचा, विचार कवींच्या इतक्याच आस्थेनें केला आहे. भावक चार प्रकारचे. ज्याला कांहींच रुचत नाहीं तो अरोचकी. ज्याला गवत आणि धान्य यांतला भेद न कळतां सारेंच गिळावयाचें असतें तो सतृणाभ्यवहारी. ज्याला गुण दिसतात पण सोसवत नाहींत तो मत्सरी. आणि कवितेच्या गाभ्यापर्यंत जाणारा तो तत्त्वाभिनिवेशी. असा हजारांत एखादा मिळाला तर मिळाला. आजच्या खुल्या वाचनांत मत्सरी फारसे नाहींत. तेथें मत्सर करण्याजोगें फळ तरी काय आहे? अरोचकी मंडळी घरींच बसून असल्या उपक्रमांची टवाळी करितात. खुर्च्या भरतात त्या सतृणाभ्यवहारी मंडळींनीं. त्यांचें पोट मोठें, मन मोठें, आणि कान झोंपलेले.

राजशेखरास न आढळलेला एक पांचवा प्रकार मात्र आम्हीं पाहिला आहे: कविता ऐकण्यापूर्वींच ती कशी आहे हें ज्यास ठाऊक असतें असा श्रोता. एका प्रौढ बाईंनीं संगमेश्वरी बोलींत कविता वाचली. मुलगा मुंबईस चाकरमानी. यंदा गणपतीलाहि आला नाहीं. त्याच्यासाठीं उंबऱ्याशीं ठेविलेला पाण्याचा तांब्या तसाच राहिला, असा कांहींसा विषय होता. दुसऱ्याच ओळीला सभा हंसूं लागली. दुष्टपणानें नव्हे. नमन-खेळ्यांतील सोंगांतून आणि रंगमंचावरील प्रहसनांतून ही बोली कानीं पडली कीं हंसावयाचें, अशी आमच्या कानांस संवय झालेली आहे, आणि कान संवयीप्रमाणें वागले. बाई क्षणभर थांबल्या. मग त्याहि थोड्या हंसल्या, आणि राहिलेली सबंध कविता त्यांनीं जणू विनोदी कविता असावी अशा सुरांत वाचून टाकली. त्या दिवसांतील सर्वांत मोठी टाळी त्यांनाच मिळाली. सभेंत कोणींहि त्यांचा अनादर केला नाहीं. नुसतें कोणीं ऐकलें नाहीं.

आम्ही कठोर टीकेची बाजू घेत आहों असें मात्र कोणीं समजूं नये. भर सभेंत नवख्या माणसाच्या वृत्तदोषांचा पंचनामा करणारे विद्वान् आम्हांस ठाऊक आहेत. तेहि ऐकत नसतात, आपल्या बोलण्याची संधि शोधीत असतात. त्यांच्यापेक्षां विडंबनकार बरा. १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ निघालें आणि कविता गाऊन दाखविण्याचा प्रघात महाराष्ट्रभर पसरला. दोनच वर्षांनीं, १९२५ सालीं, अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें' काढून त्या काळच्या कवींची मनसोक्त टर उडविली. पण विडंबन करावयाचें तर मूळ कवितेची लय, तिचे आवडते शब्द, तिची खोड, सारें कानांत पक्कें बसावें लागतें. अत्र्यांइतकें बारकाईनें त्या कवींचें काव्य त्यांच्या कित्येक चाहत्यांनींहि ऐकलें नसेल. पुढें विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांनीं एकत्र फिरून कविता वाचल्या, आणि भरलेल्या सभागृहांनीं त्या तासन् तास ऐकल्या. त्यांपैकीं करंदीकर आणि पाडगांवकर हे दोघे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचेच. तेव्हां आमच्या लोकांस ऐकतां येत नाहीं असें म्हणण्यास जागा नाहीं. नांवाजलेल्या कवीस ते ऐकतात. शेजारच्या घरांतल्या कवीस ऐकत नाहींत.

मग टाळीऐवजीं काय? सुदैवानें नवें कांहीं शोधावें लागत नाहीं. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळीं पद मनास भिडलें कीं प्रेक्षक 'वन्समोर' म्हणत, आणि मुशायऱ्यांत शेर पुन्हां म्हणावयास सांगण्यासाठीं 'मुकर्रर' म्हणतात. या दोन्ही रीतींत एक प्रामाणिकपणा आहे. टाळीस श्रोत्याचें कांहीं खर्च होत नाहीं. वन्समोरला त्याचा वेळ खर्च होतो. न आवडलेली कविता सौजन्यापोटीं दुसऱ्यांदा ऐकावयास मागणारा साधुपुरुष आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. शिवाय ती मागणी सबंध कवितेचीच असावी असेंहि नाहीं. 'ती पहाटेची जागा पुन्हां वाचा' एवढें एका श्रोत्यानें म्हटलें असतें, तर त्या विद्यार्थ्यानें त्या ओळी खोडल्या नसत्या. अप्रिय एक अक्षर न बोलतां, असत्य एक अक्षर न बोलतां, त्याला हवें तें सारें त्याला कळलें असतें.

संयोजक म्हणतील कीं वहींत वीस नांवें, प्रत्येकास पांच मिनिटें, आठ वाजतां वाचनालय बंद करावयाचें. पुन्हां वाचावयास वेळ कोठला? अडचण खरी आहे, पण ती वीस नांवांची आहे. एका सायंकाळीं दहाच नांवें घ्यावीं. उरलेलीं दहा पुढील महिन्याच्या यादींत आरंभीं घालावीं. रुसवेफुगवे होतील, एखाद-दुसरा आपली वही घेऊन निघूनहि जाईल. कविता संपल्यावर मिनिटभर कोणीं टाळी वाजवूं नये, एवढें सूत्रसंचालकांनीं आधींच सांगून ठेवावें. त्या मिनिटांत कदाचित् कोणीच कांहीं मागणार नाहीं, आणि पहिल्या एक-दोन सभांत ती स्तब्धता अवघड वाटेल. वाचनालयाच्या भिंतींस तरी ती नवी नाहीं. ज्यास कांहीं पुन्हां ऐकावयाचें असेल त्यानें हात वर करावा. असें कोठें सुरू झालें तर त्या बाईंची संगमेश्वरी कविता आम्हांस पुन्हां ऐकावयाची आहे, या खेपेस त्यांच्या स्वतःच्या सुरांत.